हायड्रोपोनिक्समध्ये जड पाणी: या चुका टाळा

हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मातीऐवजी खताच्या पाण्यात झाडं वाढवताना, हे नेहमी घडतं: सकाळी टाकीचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं पाणी आम्ल) ५.८ वर आणला, संध्याकाळी बघावं तर ६.९. पुन्हा आम्लाचे थेंब, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याभरात कोवळ्या पानांचा रंग उतरतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, म्हणून मग खत वाढवलं जातं. खताने फरक पडत नाही, कारण अन्न कमी पडलेलंच नसतं. टाकीत लोह असतं, पण चढलेल्या सामूमुळे ते झाडाला उचलता येत नाही. जड पाण्यात सामू चढतो तो बहुतेक वेळा नळाच्या पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट क्षारांमुळे.

जडपणा आणि अल्कलिनिटी एकच समजणं

बाकीच्या बऱ्याचशा चुका या एका चुकीतून निघतात. जडपणा म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवून टाकण्याची पाण्याची ताकद, आणि ती मुख्यतः बायकार्बोनेटमधून येते. दोन्ही आकडे 'कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात पीपीएम' (लिटरमागे मिलिग्रॅम) असेच लिहिले जातात, त्यामुळे घोळ होतो. चुनखडीतून आलेल्या पाण्यात दोन्ही सोबत असतात, पण नेहमी तसं नसतं. जिप्सममधून आलेलं पाणी भरपूर जड असूनही त्याची अल्कलिनिटी कमी असू शकते.

सामू वर ढकलते ती अल्कलिनिटी. नळाच्या पाण्याचा नुसता सामू बघूनही फार काही कळत नाही. सामू ८.२ पण अल्कलिनिटी ४० पीपीएम असेल तर थोड्याशा आम्लात काम होतं. सामू ७.४ पण अल्कलिनिटी ३०० असेल तर आम्लाची बाटली भराभर रिकामी होते.

टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटरवरूनही याचा उलगडा होत नाही. तो क्षार किती ते सांगतो, कोणते ते नाही. शिवाय मीटर मुळात मोजतो ती ईसी, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता (mS/cm मध्ये), आणि तिला गुणून पीपीएम दाखवतो. एकाच पाण्याला (ईसी ०.६) एक मीटर ३०० पीपीएम दाखवतो आणि दुसरा ४२०, कारण एक ५०० ने गुणतो, दुसरा ७०० ने. म्हणून नोंदी ईसीमध्येच ठेवा. अल्कलिनिटीसाठी मत्स्यालयाचं केएच (कार्बोनेट जडपणा, म्हणजे इथे अल्कलिनिटीच) तपासणी किट पुरतं: केएचचा १ अंश म्हणजे १७.९ पीपीएम. प्रयोगशाळेच्या अहवालात बायकार्बोनेट मिलिग्रॅममध्ये दिलं असेल तर त्याला ०.८२ ने गुणा, अल्कलिनिटी मिळते. ६० पीपीएमपर्यंत काळजी नको, १५० पर्यंत आम्लाने निभावतं. २०० च्या पुढे नुसत्या आम्लावर विसंबू नका. कारण खाली हिशोबात दिसेल.

दोष पाण्याचा की झाडांचा, हे न तपासणं

मऊ पाण्यातही वाढत्या झाडांच्या टाकीचा सामू हळूहळू चढतो. मुळं नायट्रेट उचलतात तेव्हा बदल्यात बायकार्बोनेट सोडतात. हा निवाडा करायला एक बादली पुरते. तयार केलेलं द्रावण बादलीत वेगळं काढा, सामू ५.८ करा, एअरस्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र दगड) सोडा आणि झाड न लावता २४ तास ठेवा. बादलीतही सामू चढला तर दोष पाण्याचा. बादली स्थिर आणि टाकी चढती असेल तर झाडं किंवा माध्यम (मुळांना आधार देणारी खडी, गोळ्या वगैरे). माध्यमात खडी असेल तर तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे आले तर ती चुनखडी आहे, फेकून द्या. तिच्यावर कितीही आम्ल ओता, सामू पुन्हा चढणारच.

आम्ल थेंबाथेंबाने, अंदाजाने टाकणं

आधी बरणीत चाचणी घ्या. सामू उतरवण्याच्या संहत द्रावणातले १० मिलि ९९० मिलि शुद्ध पाण्यात मिसळा. आम्ल पाण्यात सोडायचं, पाणी आम्लात कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे घालूनच. आता १ लिटर नळाचं पाणी घ्या आणि सिरिंजने हे पातळ आम्ल १-१ मिलि सोडत, ढवळत, दर वेळी सामू लिहून ठेवा. सुरुवातीला सामू पटकन खाली येतो, मग ६.८ ते ६ च्या पट्ट्यात बराच वेळ रेंगाळतो आणि बायकार्बोनेट संपत आलं की एकदम कोसळतो. पुष्कळांची टाकी एकाएकी ४ वर जाते ती याच टप्प्यावर.

समजा ५.८ ला पोचायला २७ मिलि लागले. म्हणजे २० लिटरच्या टाकीला ५४० मिलि पातळ आम्ल, अर्थात ५.४ मिलि संहत. पण काम इथे संपत नाही. आम्लाने बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो पाण्यात विरघळलेला असेपर्यंत सामू खोटा कमी दिसतो. हवा सोडली की वायू उडून जातो आणि सामू परत चढतो. म्हणून खत घालण्याआधी पाणी आम्ल घालून किमान काही तास, जमल्यास रात्रभर, एअरस्टोनवर ठेवा आणि मग पुन्हा मोजा. मोजून दिलेली एक मात्रा आणि रात्रभर हवा यांनी जे साधतं, ते आठवडाभर टाकलेल्या थेंबांनी साधत नाही.

सगळी अल्कलिनिटी मारू नका. ३० ते ५० पीपीएम शिल्लक ठेवली तर सामूला आधार राहतो.

आम्लातून काय आलं, ते न मोजणं

अल्कलिनिटी २५० पीपीएम म्हणजे लिटरमागे ५ मिलिइक्विव्हॅलंट (आम्लाच्या हिशोबाचं एकक; १ म्हणजे ५० पीपीएम). त्यातलं १ ठेवून ४ मारायचे, तर २० लिटरला ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल साधारण ५.५ मिलि लागतं. त्यातून लिटरमागे जवळजवळ १२४ मिलिग्रॅम फॉस्फरस येतो. लेट्यूसच्या नेहमीच्या द्रावणात तो ३० ते ५० च्या आसपास असतो. एवढा जादा फॉस्फरस लोह आणि जस्ताच्या आड येतो, आणि सामू चढला की पाण्यातल्याच कॅल्शियमशी जुळून पांढरा साका होऊन तळाला बसतो.

नायट्रिक आम्लातून याच कामात लिटरमागे ५६ मिलिग्रॅम नत्र येतं. ते खताच्या हिशोबातून वजा करता येतं, म्हणून रसायनाच्या दृष्टीने ते उजवं. पण संहत नायट्रिक अंगावर उडालं तर गंभीर इजा होते, त्याची वाफही घातक असते. घरातल्या लहान टाकीसाठी आम्ही ते सुचवत नाही. सायट्रिक आम्ल सुरक्षित असतं, पण टाकीतले जिवाणू ते खाऊन टाकतात आणि दोन-तीन दिवसांत सामू परत जागेवर येतो. बी रुजवायच्या ट्रेसाठी ठीक, चालत्या टाकीसाठी नाही.

सगळ्यात बिनत्रासाचा मार्ग पाणी मिसळण्याचा. २५० पीपीएमचं ८ लिटर नळाचं पाणी आणि १२ लिटर आरओचं (फिल्टरने जवळजवळ सगळे क्षार काढलेलं) किंवा स्वच्छ छतावरून धरलेलं पावसाचं पाणी एकत्र केलं की अल्कलिनिटी १०० च्या आसपास येते. मग थोडंसं आम्ल पुरतं, आणि नळाच्या पाण्यातलं कॅल्शियमही कामी येतं.

मीठ टाकून चालणारं सॉफ्टनर वापरणं

अशा सॉफ्टनरमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम निघतं आणि त्याजागी सोडियम येतं. जडपणाच्या दर १०० पीपीएममागे सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम, आणि अल्कलिनिटी होती तेवढीच. म्हणजे उपयोगाचं होतं ते गेलं, त्रासदायक होतं ते राहिलं आणि वर सोडियम आलं. सॉफ्टनरच्या आधीच्या नळावरून पाणी घ्या.

पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने जडपणा जात नाही. क्लोरीन उडतं, क्लोरामाइन (नळाच्या पाण्यात वापरलं जाणारं दुसरं जंतुनाशक) तेवढ्याने जात नाही. उकळल्याने बायकार्बोनेटचा काही भाग चुना होऊन भांड्याला चिकटतो, त्यामुळे फायदा होतो खरा, पण इंधन फार जातं.

जड पाण्यात कॅलमॅग ओतणं

पानं पिवळी दिसली की कॅलमॅग (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं पूरक खत), ही सवय आरओच्या पाण्यावर वाढवणाऱ्यांकडून उचललेली आहे. एका पाण्याचा हिशोब बघा: लिटरमागे कॅल्शियम ८० आणि मॅग्नेशियम १२ मिलिग्रॅम, जडपणा सुमारे २५० पीपीएम. इथे कॅल्शियम पुरेसं आहे, तोकडं आहे ते मॅग्नेशियम. कॅल्शियम वाढवलं तर ते मॅग्नेशियम आणि पोटॅशच्या आणखी आड येईल. अशा पाण्याला लिटरमागे ०.२ ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) द्या, २० लिटरला ४ ग्रॅम. मॅग्नेशियम सुमारे २० मिलिग्रॅमने वाढतं.

कमतरता कोणती, ते पान सांगतं. खालच्या जुन्या पानांत शिरांमधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियम. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरांची हिरवी जाळी उठून दिसत असेल तर लोहाचा केवडा, म्हणजे लोह न मिळाल्याने आलेला पिवळेपणा. त्यासाठी आधी सामू ५.५ ते ६.२ मध्ये आणा. खतातलं लोह कोणत्या रूपात आहे, म्हणजे ते विरघळलेलं ठेवणारं संयुग (चिलेट) कोणतं, तेही बघा. सामूच्या हिशोबात: ईडीटीए साधारण ६.५ च्या पुढे टिकत नाही, डीटीपीए ७ पर्यंत चालतं, ईडीडीएचए त्याहूनही वर तग धरतं. सामू ६.५ च्या वर सरकणाऱ्या टाकीत डीटीपीए घेणं शहाणपणाचं. सुधारणा झाली का, ते नव्या पानांवर बघा. पिवळी पडून गेलेली पानं बहुधा तशीच राहतात.

ईसीच्या आकड्यात पाणी विसरणं, किंवा सगळंच वजा करणं

नळाचा ईसी ०.६ आणि लक्ष्य १.२ असेल, तर फक्त ०.६ चं खत घातल्यावर मीटर खूश होतो, पण नत्र आणि पोटॅश निम्म्यावर राहतं. पाण्यातले क्षार ही दोन्ही जवळजवळ देत नाहीत. आमचा सल्ला: लेट्यूससाठी एकूण १.५-१.६ पर्यंत जाऊ द्या आणि शक्य असेल तर जड पाण्यासाठी बनवलेलं, कमी कॅल्शियमचं खत घ्या.

दोन बाटल्यांत येणाऱ्या खताचे ए आणि बी भाग एकमेकांत थेट ओतू नका. आम्ल घालून हवा दिलेल्या पाण्यात आधी ए, नीट ढवळून मग बी, शेवटी सामू. पाणी दुधाळ झालं तर कॅल्शियमचा साका पडला समजा. नंतर आम्ल घालून तो पूर्ण विरघळेल याचा भरवसा नाही. टाकी नव्याने भरा.

रोज कच्च्या नळाच्या पाण्याने टाकी भरणं

झाड पाणी पितं, सोडियम आणि जादा कॅल्शियम मागे राहतं. दर भरणीला नवं बायकार्बोनेटही येतं. भरणीचं पाणीही आम्ल घालून, हवा देऊन तयार ठेवा, किंवा भरणीपुरतं आरओ वापरा. खत न घालताही ईसी चढत असेल तर दोन आठवड्यांनी टाकी पूर्ण बदला.

एअरस्टोन, ड्रिपर आणि पंपाच्या पंख्यावर पांढरा थर दिसला की लिटरमागे ५० ग्रॅम सायट्रिक आम्लाच्या द्रावणात तासभर बुडवा, ब्रशने घासा, धुऊन परत लावा. त्या बादलीत ब्लीच चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. माध्यम म्हणून वापरलेल्या भाजलेल्या मातीच्या गोळ्यांवरचा थरही याच द्रावणाने निघतो. फक्त त्या नंतर दोन-तीनदा साध्या पाण्यात भिजवून, सामू स्थिर झाल्याचं पाहूनच टाकीत घाला.