जपानी लिंगभाव आणि माध्यमं: अभ्यासाला बसण्याआधी

‘जपानी मांगामधली (चित्रकथांमधली) स्त्री’ असा विषय घेऊन येणारे दरवर्षी भेटतात. त्यात शेकडो नियतकालिकं येतात, हातात मात्र काहीच लागत नाही. एक मासिक, एक वर्ष, बारा अंक, एम.ए.च्या प्रबंधाला एवढं पुरतं. सिद्धांतांची पुस्तकं नंतर उघडा.

अंक म्हणजे मूळ अंक. नंतर निघणारं पुस्तक, म्हणजे तान्कोबोन, सोयीचं खरं. पण त्यातून जाहिराती आणि वाचकांची पत्रं गळालेली असतात, कधी संवादही बदललेले असतात. इकेदा रियोकोंची ‘बेरुसाइयु नो बारा’ (व्हर्सायचा गुलाब) ही मांगा १९७२-७३ मध्ये ‘मार्गारेट’ या साप्ताहिकात आली. मुलगा म्हणून वाढवलेली, लष्करी गणवेषातली तिची नायिका ऑस्कर त्या वेळच्या मुलींपुढे कशी आली हे कळायला शेजारच्या पानावर कशाची जाहिरात होती, तेही बघावं लागतं. पत्रं वाचताना एक लक्षात ठेवा: ती संपादकानं निवडलेली असतात. त्यांतून वाचकांपेक्षा मासिकाला कसा वाचक हवा होता, ते जास्त कळतं.

तारखांत हमखास चूक होते. शोवा, म्हणजे सम्राट हिरोहितोंच्या कारकिर्दीच्या, सनात १९२५ मिळवा, म्हणजे शोवा ४७ हे १९७२. शिवाय ‘एप्रिल अंक’ बहुतेक वेळा मार्चमध्ये किंवा त्याही आधी विक्रीला येतो. मार्चअखेरच्या घटनेचे पडसाद त्यात शोधत बसू नका.

क्योतोच्या आंतरराष्ट्रीय मांगा संग्रहालयात सुमारे ३ लाख वस्तू आहेत. उघड्या कपाटांतली ५० हजारांच्या आसपास पुस्तकं चाळण्यात नवख्यांचा अख्खा दिवस जातो. जुने अंक बंद साठ्यात असतात, ते मागवावे लागतात. निघण्याआधी अंकांची यादी तयार ठेवा. टोकियोतलं ओया सोइची बुन्को खास मासिकांचंच ग्रंथालय आहे.

आता भाषा. मराठी माणसाचा पाय इथं नेमका घसरतो. जपानीत ‘इत्ता’ म्हटलं की ‘गेलो’ की ‘गेले’ ते क्रियापदातून कळत नाही. मराठीत उतरवताना आपण निवड करतो आणि मूळ मजकुरातली संदिग्धता तिथंच संपते. जपानीत ते काम ‘वाताशी’, ‘आताशी’, ‘बोकु’, ‘ओरे’ असे ‘मी’साठीचे शब्द आणि वाक्याच्या शेवटचे ‘वा’, ‘झो’ करतात. म्हणून टिपणात मूळ सर्वनाम तसंच ठेवा. पण ‘ओरे’ म्हणणारी प्रत्येक बाई बंडखोर नसते. ईशान्य जपानमधल्या तोहोकुच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या सहज ‘ओरे’ म्हणतात.

‘बायकी बोली’ प्राचीन आहे हेही गृहीत धरू नका. शाळकरी मुलींच्या ‘तेयो’, ‘दावा’ अशा शेवटांवर कादंबरीकार ओझाकी कोयो १८८८ मध्ये चिडून लिहीत होते. पुढे तेच शेवट घरंदाज स्त्रीची खूण ठरले. आज ते घराघरांपेक्षा भाषांतरित कादंबऱ्यांतल्या परदेशी बायकांच्या तोंडी जास्त सापडतात.

१९१४ मध्ये पहिला प्रयोग करणारी ताकाराझुका ही फक्त स्त्रियांची नाटक मंडळी, पुरुषपात्रंही स्त्रियाच करतात. ती पाहून बालगंधर्व आठवतातच. तुलना जपून करा. ती मंडळी कोबायाशी इचिझो या रेल्वेमालकानं आपल्या मार्गाच्या शेवटच्या स्टेशनाकडे प्रवासी ओढायला काढली होती. तसंच जपानी दंडसंहितेच्या अश्लीलतेवरच्या कलम १७५चं. चित्रफितीत अंगावर धुकट चौकोन दिसला की ती जपानी लाज नव्हे, अश्लीलतेच्या खटल्याची धास्ती असते.

शाळकरी मुलींमधल्या जवळिकीला तैशो काळात (१९१२-२६) ‘एस’ म्हणत. तिला आजचं लेबल लावलं तर चुकतं. ‘वयाचा टप्पा’ म्हणून सोडून दिलं तरी चुकतंच, कारण त्या काळचे शिक्षक आणि डॉक्टर हेच म्हणत होते.

चाहत्यांनी स्वतःच छापून काढलेली पुस्तकं, म्हणजे दोजिन्शी, किंवा ऑनलाइन कथा वापरायच्या तर आधी परवानगी मागा. त्यातले बरेच जण टोपणनावानं लिहितात आणि घरी-ऑफिसात कुणाला ठाऊक नसतं. २०१७ मध्ये एका शोधनिबंधात प्रौढांसाठीच्या अशा कथा दुव्यांसह उद्धृत झाल्या तेव्हा लेखिकांचा संताप झाला आणि निबंध संकेतस्थळावरून उतरवावा लागला.

किती जपानी लागतं? मुलींच्या मांगात कांजीशेजारी (चिनी वळणाच्या चित्रलिपीशेजारी) बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो, त्यामुळे जपानी भाषाप्राविण्य परीक्षेच्या (जेएलपीटी) एन ३ पातळीवर सुरुवात होते. पत्रं आणि लेखांना एन २ हवं. परीक्षा जुलै आणि डिसेंबरला असते, पुण्यात केंद्र आहे. युद्धापूर्वीची मासिकं घेणार असाल तर जुनी वर्णरचना वेगळी शिकावी लागेल. त्याला निदान एक सत्र धरा.