बर्फातल्या झोपडीत राहायला जायचंय? तयारी सरपणापासून करा

राजगडावर पद्मावतीच्या देवळात आम्ही कितीतरी वेळा मुक्काम केलाय. रात्री उशिरा कुणी गड चढून आलं की आधी पथाऱ्या टाकलेले लोक न सांगता सरकायचे. फिनलंडच्या उत्तरेला, लॅपलंडच्या रानात, लाकडी झोपड्यांमध्ये हाच रिवाज चालतो: शेवटी येणाऱ्याचा हक्क सगळ्यात मोठा. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्याच्या शेवटी मी आणि माझी नणंद तिथे चार रात्री राहून आलो. तेव्हापासून कोथरूडातल्या निम्म्या ट्रेकिंग ग्रुपने मला विचारून झालंय, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

जायचं कधी, हे आधी ठरवा. डिसेंबर-जानेवारीत तिथे महिनाभर सूर्य क्षितिजावर येतच नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने तेव्हा जाऊ नये. मार्चअखेरीस दिवस बारा तासांपेक्षा मोठा असतो, बर्फ भरपूर आणि घट्ट असतो. थंडी मात्र असते: रात्री उणे १५-२० सहज होतं.

जागा म्हणून मी उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यान सुचवेन. १९८३ साली झालेलं हे उद्यान सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचं आहे. हेलसिंकीहून विमानाने इवालो, तिथून बसने उद्यानाच्या कडेला असलेलं सारिसेल्का किंवा कीलोपा. झोपड्या दोन प्रकारच्या. ‘आउतिओतुपा’ म्हणजे उघडी झोपडी: कुलूप नाही, भाडं नाही, आरक्षण नाही, एक-दोन रात्री राहायचं आणि पुढे निघायचं. ‘वाराउस्तुपा’ म्हणजे पैसे भरून आधी राखून ठेवायची, किल्ली घेऊन जायची. पहिल्या खेपेला निदान एक रात्र दुसऱ्या प्रकारची ठेवा, म्हणजे जागा मिळेल की नाही ही धाकधूक राहत नाही. दोन्हीकडे वीज नाही, नळ नाही, संडास बाहेर.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बर्फातली पायपीट त्या विम्यात धरली आहे का, हे पॉलिसी उघडून वाचा.

आता कपडे. सुती बनियन, सुती मोजे, सुती लेगिंग घरी ठेवा. सुती कापड घाम पितं आणि वाळत नाही. चालताना कळत नाही, थांबलात की दहा मिनिटांत पाठ गार पडते. अंगाला लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, वर फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. पिसांचं जाड जॅकेट सॅकमध्ये, थांबल्यावर घालायला. चढावर घाम यायच्या आधीच एक थर उतरवायचा. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात, त्यातलं ‘कम्फर्ट’चं पाहा, ‘एक्स्ट्रीम’चा आकडा जीव वाचण्यापुरता असतो, झोप लागण्याचा नव्हे. झोपडीत शेगडी असली तरी ती पहाटे विझते.

पुण्यात राहून थंडीचा सराव होत नाही, बाकीचा होतो. आम्ही तीन महिने दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने १२ किलोची सॅक घेऊन सिंहगड चढलो. जाड हातमोजे घालून सॅकच्या चेन उघडून पाहिल्या. जमेना, म्हणून तुळशीबागेतून नाडी आणून प्रत्येक चेनला फास बांधला. आणि सगळ्यात उपयोगी ठरला तो मुळशीत मावशीकडे ओल्या लाकडांवर चूल पेटवण्याचा सराव. तो चुकवू नका.

खाण्याच्या बाबतीत एक नियम आपल्या लोकांना माहीत नसतो. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, खवा, पेढे, दुधाची पावडर राहू द्या. भाजून ठेवलेला रवा, मेतकूट, मुगाची डाळ, तांदूळ, शेंगदाणे आणि गूळ न्या. लोणी तिथे घ्या आणि सढळ हाताने घाला, थंडीत भूक दुप्पट लागते. छोट्या स्टोव्हला लागणारा गॅसचा डबा विमानात चालत नाही, तोही तिथेच घ्या. मात्र निव्वळ ब्यूटेनचा नको: शून्याच्या खाली ब्यूटेनचा वायूच होत नाही. प्रोपेन मिसळलेला हिवाळी डबा मागा.

एका दिवसात आठ-दहा किलोमीटरच धरा. सिंहगडाचा वेग स्नोशूजवर, म्हणजे बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद पट्ट्यांवर, चालत नाही. पहिल्या दिवशी मी तो हिशेब चुकवला. झाडांची रांग संपल्यावर वारा सुटला आणि झोपडी दिसेपर्यंत संध्याकाळ झाली. आत कुणी नव्हतं. माझी बोटं इतकी बधिर झाली होती, की काडेपेटीतली काडी धरता येईना. पण शेगडीशेजारी कुणीतरी बोटाएवढ्या बारीक ढलप्या रचून ठेवल्या होत्या आणि वर भूर्जाच्या सालीचा गुंडाळा. आपल्याकडे हिमालयातल्या भूर्जाच्या सालीवर पोथ्या लिहीत, त्याच जातकुळीचं हे झाड. साल तेलकट असते, ओलसर असली तरी पेट घेते. नणंदेने एक काडी लावली आणि शेगडी धरली. त्या माणसाला मी कधी भेटणार नाही. त्या रात्री मला त्याच्याइतकं जवळचं कुणी वाटलं नाही.

म्हणून सरपणाचं नीट शिकून घ्या. लाकडं बाहेरच्या खोपट्यात असतात, कुऱ्हाडही तिथेच. लागेल तेवढंच आणा, बारीक फोडा. पेटवण्याआधी धुराड्याची झडप उघडा. निखारे पूर्ण काळे पडल्याशिवाय ती बंद करू नका: ऊब टिकावी म्हणून घाईने झडप लावली तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत भरतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

पाणी ओढ्याचं, नाहीतर बर्फ वितळवून. भांड्यात तळाला थोडं पाणी ठेवूनच बर्फ घाला, नाहीतर करपट वास येतो. चालताना बाटली उलटी ठेवा, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. मदतीचा क्रमांक ११२. रानात सगळीकडे रेंज नसते, म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र हवंच.

निघायच्या सकाळी एक तास राखून ठेवा. झोपडीत ठेवलेल्या वहीत नावं, तारीख आणि पुढे कुठे जाणार ते लिहा. कुणी हरवलं तर शोधणारे तीच वही पाहतात. झाडून घ्या, कचरा सॅकमध्ये भरा. मग लाकडं आत आणा, ढलप्या बारीक फोडा, साल वर ठेवा, बधिर बोटांना उचलता येईल अशी. बाहेर पडल्यावर दाराची कडी ओढून बघा. वाऱ्याने दार उघडलं तर आत बर्फ भरतो.