गोडॉटमध्ये पवनचक्कीचं स्टेज: फिरती पाती, सपाट पाय

‘सोनिक लॉस्ट वर्ल्ड’ या व्हिडिओ गेममधली विंडी हिल 2014 साली निन्टेंडोच्या वी यू कन्सोलवरच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या लढाईच्या गेममध्ये स्टेज, म्हणजे लढायची जागा, म्हणून आली. हिरवी टेकडी, मागे पवनचक्की. तशा धर्तीचं, पवनचक्कीच्या फिरत्या पात्यांवर उभं राहता येईल असं स्वतःचं स्टेज गोडॉट 4 या गेम इंजिनमध्ये एका संध्याकाळी उभं राहतं, पण बहुतेकांची गाडी पात्यांपाशी अडते.

स्क्रीन 1280 बाय 720 धरा. टेकडीचा माथा 580 वर (उंची स्क्रीनच्या वरच्या कडेपासून खाली मोजतात), दोन्हीकडे 360 पिक्सेलमध्ये 90 चा उतार. हा चढ जेमतेम 14 अंशांचा होतो, त्यामुळे कोणी घसरत नाही. मात्र पात्राच्या कॅरेक्टर बॉडीत (पात्र हलवणारा गोडॉटचा नोड) ‘फ्लोअर कॉन्स्टंट स्पीड’ चालू करा, नाहीतर चढणारा खेळाडू हळू आणि उतरणारा वेगात पळतो.

चक्कीचा आस माथ्याच्या बरोबर वर, 310 वर ठेवा, त्रिज्या 150. सगळ्यांत खालचं पातं जमिनीपासून 120 वर येतं आणि 64 उंचीचं पात्र त्याखालून आरामात जातं. गुरुत्वाकर्षण मुळातलं 980 ठेवून उडीचा वेग 680 दिला, तर उडी सुमारे 236 पिक्सेल जाते. पाती चारच का, याचं उत्तर इथेच आहे. चार असली तर शेजारच्या दोन पात्यांत 212 चं अंतर राहतं, म्हणजे एका उडीत गाठता येतं. तीन असली तर तेच 260 होतं आणि खेळाडू खालीच अडकतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्या तीन पात्यांच्या आहेत. चित्रासाठी त्यांचे फोटो जरूर बघा, पण पाती मोजून चारच लावा.

आता मुख्य चूक. एका आसाखाली चारही पाती जोडून आसच फिरवला, तर पातीही तिरपी होतात. 45 अंशांपुढे गोडॉट त्या पृष्ठभागाला जमीन मानत नाही, पात्र घसरतं. शिवाय ‘वन वे कोलिजन’ची (खालून आरपार जाता येतं, वरून उभं राहता येतं अशी टक्कर) दिशाही सोबत फिरते, उलटं झालेलं पातं खालून येणाऱ्याला भिंतीसारखं अडवतं. म्हणून आस फिरवू नका. प्रत्येक पातं स्वतंत्र ‘ॲनिमेटेबल बॉडी टूडी’ (कोडने हलवायच्या फळीसाठीचा नोड) करा (96 बाय 16 पुरेसं), कोन 0 ठेवा आणि फक्त जागा बदला: आसाची जागा अधिक 150 लांबीचा, कोनाने फिरवलेला बाण (व्हेक्टर). चारही पात्यांच्या कोनांत 90 अंशांचा फरक. 12 सेकंदांत एक फेरी बरी वाटते, म्हणजे सेकंदाला 30 अंश. मागचं चक्कीचं चित्र मात्र खुशाल फिरू द्या, त्याला कोलिजन नसतं.

हा हिशोब फिजिक्सच्या फंक्शनमध्येच लिहा. दर फ्रेमच्या फंक्शनमध्ये लिहिला तर नागपूरच्या मे महिन्यात लॅपटॉप तापून फ्रेम पडायला लागल्या की पातं धक्के खातं आणि वरचं पात्र निसटतं.

या वेगाने पातं फिजिक्सच्या दर टिकला (सेकंदाला 60) सुमारे 1.3 पिक्सेल सरकतं. पात्राला जमिनीला चिकटवून ठेवणारी ‘फ्लोअर स्नॅप लेंग्थ’ मुळात 1 असते. ती 8 करा, नाहीतर पातं खाली जाताना पात्र क्षणभर हवेत राहतं आणि उडीचं बटण फुकट जातं. पात्र पातं सोडताना काय व्हावं हे ठरवणाऱ्या ‘प्लॅटफॉर्म ऑन लीव्ह’ला ‘डू नथिंग’ द्या. मुळातल्या सेटिंगमध्ये पात्याचा वेग उडीत मिसळतो. वर चढणाऱ्या पात्यावरून उडणाऱ्याला आयता फायदा मिळतो, आणि लढाईच्या खेळात हे खपवून घेऊ नये.

खालचं बटण दाबून पात्यातून उतरायचं असेल तर पाती कोलिजनच्या वेगळ्या थरावर, समजा 3 वर, ठेवा आणि पात्राच्या मास्कमधून (कोणत्या थरांना धडकायचं त्याची यादी) तो थर 0.2 सेकंद बंद करा.

गवताचा रंग नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर श्रावणात दिसतो तो घ्या. उन्हाळ्यातला पिवळा घेतलात तर लाकडी पाती त्यात हरवतात. पुढच्या थरातलं गवत 12 पिक्सेलपेक्षा उंच नको, खेळाडूला पाय दिसलेच पाहिजेत.