आधी दारातलं झाड सांभाळा

वृक्षारोपणाला या म्हणून कुणी बोलावलं की मी आधी विचारते, पुढे पाणी कोण घालणार? फोटोत फावडं धरायला सगळे असतात. केनियात वांगारी मथाई यांनी 1977 साली ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, तेव्हा बायकांना अल्पसा मोबदला मिळायचा तो जगलेल्या रोपांचा. हा हिशोब मला पटतो. म्हणून समाजासाठी, निसर्गासाठी काहीतरी करायचंय असं म्हणणाऱ्याला मी सांगते: तुमच्या रस्त्यावर आधीच उभं असलेलं एक झाड निवडा. देखणं नको, रोजच्या वाटेवरचं.

पहिल्यांदा बुंध्याकडे बघा. झाड वर जेवढं, तेवढीच त्याची मुळं खाली खोल, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि आडवी पसरत फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. बुंध्याला खेटून काँक्रीट ओतलं की त्यांची हवाही तुटते आणि पाणीही. स्वतः पहार घेऊन फोडाफोडी करू नका. रस्ता ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे तिथे अर्ज द्या. अर्जात झाडाची नेमकी जागा, मोजपट्टी धरून काढलेला फोटो आणि एकच मागणी: बुंध्याभोवती निदान मीटरभर माती मोकळी करा. चार मागण्या घातल्या की चारही रेंगाळतात. पोच घ्यायला विसरू नका.

अर्जावर शेजाऱ्यांच्या सह्या हव्यात, आणि त्यासाठी दारोदार जायचं. ग्रुपवर मेसेज टाकून अंगठे मिळतात, सह्या नाहीत. दार उघडल्यावर कळतं की कुणाला त्या झाडाचा खरोखर त्रास आहे: गटार पानांनी तुंबतं, खोलीत अंधार पडतो. तिथे पर्यावरणावर भाषण देऊ नका. गटार साफ करायला हात लावते म्हणा, आणि ठरल्या दिवशी जा. सही तेव्हा नाही मिळाली तरी चालेल. शेजारी राहणाऱ्या माणसाची अडचण ऐकून न घेता त्याच्या दारातलं झाड वाचवायला निघणं मला तरी जमत नाही.

मग खिळे आणि तारा. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या लगेच आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. खोड जाड होत जातं, तार होत नाही. ती सालीत रुतली की ही वाटच आवळली जाते. सैल तार कापून काढा, नवे खिळे उपटा. खोडाने गिळून टाकलेलं मात्र ओढून काढू नका, जखम वाढते. रोपाभोवतीची लोखंडी जाळी खोडाला घासत असेल तर तीही काढायला सांगा.

पालापाचोळा जाळायचा नाही, झाडाखालीच दोन-तीन इंच पसरायचा. फक्त बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर साल ओली राहून कुजते. कोरड्या दिवसांत पाणी सावकाश आणि फांद्यांच्या कडेखाली घाला. बुंध्यावर ओतलेली बादली बरीचशी वाया जाते.

छाटणीला माणसं आली की खाली उतरा. परवानगीचा कागद बघायला मागा, घरटी आहेत का ते बघायला लावा. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. काप त्याच्या बाहेर हवा. अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवून दिलं: झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती भिंत बांधून ती वेगळी पाडतं. कडं कापलं तर ती भिंत नीट उभी राहत नाही. कापावर रंग फासायचीही गरज नसते. आणि शेंडा सरसकट उडवायला विरोध करा, कारण नंतर फुटणाऱ्या फांद्या वरवर चिकटलेल्या असतात आणि वाऱ्यात त्याच आधी मोडतात.

पालवी कधी फुटली, मोहर कधी आला, कोणते पक्षी बसले, हे वहीत लिहा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकला तर संशोधकांनाही उपयोगी पडतो.

अर्ज, पोच, फोटो एका फायलीत ठेवा आणि फाईल कुठे आहे ते शेजारच्या निदान दोघांना सांगून ठेवा. तुम्ही घर बदललंत तर पाठपुरावा त्यांना करायचा आहे.