अमिनो आम्ल पाण्यात विरघळत नाही तेव्हा

अमिनो आम्लांची विद्राव्यता कशावर अवलंबून असते, असं विचारलं की परीक्षेतलं उत्तर ठरलेलं असतं: कडेची साखळी (प्रत्येक अमिनो आम्लात वेगळा असणारा भाग), पीएच, तापमान, क्षार, द्रावक. यादी बरोबरच आहे. पण एवढ्या भांडवलावर स्टॉक (साठ्याचं तीव्र द्रावण) बनवायला गेलं की टायरोसीन पहिल्याच दिवशी अडवतं. त्याच्या साखळीवर हायड्रॉक्सिल गट आहे, म्हणजे ते फिनाइलअ‍ॅलनीनपेक्षा जास्त विरघळायला हवं. प्रत्यक्षात २५ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात फिनाइलअ‍ॅलनीन जवळपास ३ ग्रॅम जातं आणि टायरोसीन जेमतेम ०.०४५ ग्रॅम. साठेक पटींचा फरक, तोही उलट्या दिशेने.

पाणी रेणूला किती ओढतं याचा विचार सगळे करतात. स्फटिक त्याला किती घट्ट धरून बसलाय हे विसरतात. अमिनो आम्ल घनरूपातही द्विध्रुवी आयन असतं, एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण प्रभार. म्हणून ग्लायसिनसारखा चिमुकला रेणूही न वितळता २३० अंशांच्या पुढे जाऊन विघटित होतो. टायरोसीनचा हायड्रॉक्सिल गट पाण्याशी बंध करतो खरा, पण स्फटिकात शेजारच्या रेणूशी त्याहून पक्का करतो. प्रोलिनचं याच्या उलट: त्याचा स्फटिक सैल, त्यामुळे १०० ग्रॅम पाण्यात १६० ग्रॅमच्या आसपास विरघळतं. साखळीचा नियम एकाच घराण्यात मात्र नीट चालतो. ग्लायसिन २५, अ‍ॅलनीन १६.५, ल्युसिन सुमारे २.४, कार्बन वाढले की आकडा उतरतो. ॲस्पार्टिक आम्ल ०.५ आणि सिस्टिन (cystine, सिस्टीन म्हणजे cysteine चे दोन रेणू जोडून बनलेलं) ०.०११ हे आकडे पाहिले की साखळीवरून अंदाज बांधायची सवय सुटते.

म्हणून वजन करण्याआधी बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचा. लायसिन बहुधा हायड्रोक्लोराइड म्हणून येतं, रेणुभार १८२.६५, मुक्त लायसिनचा १४६.१९. हायड्रोक्लोराइड हातात असताना मुक्त रूपाचा भार धरला तर १०० मिलिमोलर (लिटरमागे मोलचे १०० हजारांश) समजून बनवलेलं द्रावण ८० मिलिमोलर निघतं. ते विरघळतं झकास, म्हणून चूक दिसत नाही. हिस्टिडीन आणि सिस्टीनच्या हायड्रोक्लोराइडमध्ये स्फटिकजलही असतं, तेही भारात धरायचं. दुसरी नजर ‘एल’ (रेणूचं एकच आरसारूप) की ‘डीएल’ (दोन्ही आरसारूपं मिसळलेली) यावर. एल-सेरिन १०० ग्रॅम पाण्यात ४० ग्रॅमच्या वर जातं, डीएल-सेरिन ५ ग्रॅमच. रेणू तेच, पण दोन्ही हातांचे मिळून बनलेला स्फटिक वेगळा आणि जास्त घट्ट असतो.

आता पीएच. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबू. समविभव बिंदूला (ज्या पीएचला रेणूवरचा एकूण प्रभार शून्य असतो) विद्राव्यता सर्वांत कमी असते हे सगळ्यांना पाठ असतं. टायरोसीनचा हा बिंदू ५.६६. मग पीएच ७.४ केला की विद्राव्यता वाढेल, असं वाटतं. वाढत नाही. पीएच-विद्राव्यता आलेखाचा तळ टोकदार नसून परातीसारखा सपाट असतो, आणि परातीच्या कडा कुठे हे समविभव बिंदू सांगत नाही, पीकेए (ज्या पीएचला एखाद्या गटाच्या निम्म्या रेणूंनी प्रोटॉन सोडलेला असतो) सांगतात. हिशोब असा: मूळ विद्राव्यतेला एका बेरजेने गुणायचं. त्या बेरजेत १, अधिक १० चा (पहिला पीकेए वजा पीएच) इतका घात, अधिक १० चा (पीएच वजा अमिनो गटाचा पीकेए) इतका घात. टायरोसीनचे पीकेए २.२०, ९.११ आणि १०.०७. पीएच ७.४ ला बेरीज येते १.०२, म्हणजे फायदा दोन टक्के. पीएच २.२ किंवा ९.१ च्या आसपास ती दुप्पट होते आणि त्यापुढे झपाट्याने चढते.

पाण्यात टायरोसीनची मर्यादा २.५ मिलिमोलर धरा (०.४५ ग्रॅम प्रति लिटर, रेणुभार १८१.१९). २० मिलिमोलर स्टॉक हवा असेल तर आठपट वाढ लागते. आम्ल बाजूला त्यासाठी पीएच सुमारे १.३५, अल्कली बाजूला सुमारे ९.८. अल्कली बाजूला अमिनो आणि फिनॉल असे दोन गट प्रोटॉन सोडतात, म्हणून तिकडे वरच्या बेरजेत फिनॉलमुळे आणखी भर पडते आणि चढण जास्त उभी आहे.

१०० मिलीसाठी ०.३६२ ग्रॅम टायरोसीन ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळा, विरघळतं. त्याच आम्लात ५० मिलिमोलर घालू गेलात तर तळाला पांढरं राहतंच. विरघळणारा प्रत्येक रेणू एक प्रोटॉन खातो, त्यामुळे आम्लच संपत जातं, आणि हिशोबाने ३० मिलिमोलरच्या आसपास गाडी थांबते. जास्त हवं तर जास्त तीव्र आम्ल घ्या. पीएच मीटरचा पहिला आकडा पाहून समाधान मानू नका, शेवटचा पाहा. सोडियम हायड्रॉक्साइडमध्येही काम होतं, पण अल्कलीत टायरोसीन हवेने हळूहळू तपकिरी पडतं, तेव्हा ते ताजंच वापरावं.

ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांचं प्रकरण निराळं आणि सोपं. त्यांची परात अरुंद आणि खाली पीएच ३ च्या आसपास आहे, आणि नुसत्या पाण्यात टाकल्यावर ती स्वतःच पाण्याचा पीएच तिथे खेचून नेतात. १०० मिलिमोलर ॲस्पार्टिक आम्लासाठी १.३३ ग्रॅम पावडर ८० मिली पाण्यात घ्या. हे पूर्ण १०० मिलीत धरलं तरी प्रति लिटर १३.३ ग्रॅम झालं, मर्यादा ५ ची. म्हणजे तासभर ढवळूनही गढूळच राहणार. मग १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, एकूण १० मिलीच्या आसपास. बराच वेळ पीएच ३ ते ४ मध्ये रेंगाळतो, कण मात्र कमी होत जातात. शेवटचा कण गेला की सावध व्हा: तिथून पुढे द्रावणाची बफर-ताकद (पीएच धरून ठेवण्याची) संपत जाते, आणि शेवटी थोड्याच थेंबांत पीएच झपाट्याने वर उडी मारतो. म्हणून शेवटचा अर्धा मिली ०.१ मोलरचा घाला आणि मगच १०० मिलीपर्यंत पाणी भरा.

तापवून विरघळवण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याने किती फायदा होईल, हे प्रत्येकाचं वेगळं. ग्लुटामिक आम्ल ० अंशाला प्रति लिटर ३.४ ग्रॅम, २५ ला ८.६, ५० ला जवळपास २२ आणि १०० ला १४० ग्रॅम. ल्युसिन ० ला २२.७ आणि ५० ला २८.९, एवढ्यासाठी हीटर लावायचा कशाला? शिवाय गरम करून विरघळलेलं गार झाल्यावर टिकेलच असं नाही. २ मिलिमोलर टायरोसीन टेबलावर काचेसारखं स्वच्छ दिसतं. ४ अंशांच्या फ्रिजमध्ये मर्यादा १ मिलिमोलरच्या जवळ उतरते आणि दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी रेशमासारख्या बारीक सुया चमकतात. त्याला जंतुसंसर्ग समजून बाटली ओतून देणारे बरेच असतात. आधी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवून हलवून पाहा. सुया गेल्या तर ते स्फटिकच होते. सुया गाळून टाकणं मात्र घातक, कारण खाली उरलेल्या द्रावणाची तीव्रता लेबलपेक्षा कमी झालेली असते. ग्लुटामिन तापवायचं नाही: पाण्यात ते आपोआपच अमोनिया सोडून पायरोग्लुटामिक आम्लात बदलतं आणि उष्णतेने वेग वाढतो. त्याचं निर्जंतुकीकरण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरनेच.

ल्युसिनच्या बाबतीत अडचण बहुतेकदा विद्राव्यतेची नसतेच. पावडर पाण्यावर तरंगते, बीकरच्या भिंतीला चिकटते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की जातच नाही. १०० मिलिमोलर म्हणजे प्रति लिटर १३.१ ग्रॅम, मर्यादेच्या आत. आधी पाणी फिरतं ठेवा, मग पावडर चिमटीचिमटीने भोवऱ्यात सोडा. पावडरवर पाणी ओतलं तर गोळे होतात आणि आतला भाग कोरडा राहतो. विरघळण्याचा वेग आणि विद्राव्यता या दोन गोष्टी आहेत. रात्रभर ढवळल्यावरही जे उरतं त्यालाच ‘विरघळत नाही’ म्हणावं.

सिस्टीनचं उलटं: विरघळतं पटकन, गढूळ होतं नंतर. उदासीन किंवा अल्कली पाण्यात हवेच्या ऑक्सिजनने त्याचे दोन रेणू जोडून सिस्टिन बनतं, आणि सिस्टिनची मर्यादा अर्धा मिलिमोलरही नाही. इथे गरम करून काही होणार नाही. द्रावण आम्लधर्मी ठेवा आणि त्याच दिवशी वापरा.

क्षारांची फार चिंता नको. साध्या बफरमधल्या क्षाराने विद्राव्यता नगण्यच हलते. अमोनियम सल्फेट भरपूर घातलं तर अध्रुवीय साखळीवाली आधी बाहेर पडतात. इथेनॉल मात्र जवळजवळ सगळ्यांना खाली बसवतं, म्हणूनच स्फटिक काढायला ते वापरतात. प्रोलिन तेवढं त्यातही विरघळतं. ‘सेंद्रिय आहे, डीएमएसओत (डायमिथाइल सल्फॉक्साइड या सेंद्रिय द्रावकात) टाकू’ हा सल्ला औषधी रेणूंच्या सवयीतून येतो. मुक्त अमिनो आम्लांपैकी बहुतेकांना तो लागू नाही.

विद्राव्यता स्वतः मोजायची असेल तर पावडर जास्तच घाला, झाकण लावून स्थिर तापमानाच्या वॉटर बाथमध्ये २४ ते ४८ तास हलवत ठेवा, आणि गाळताना फिल्टर व पिपेट त्याच तापमानाचे घ्या. थंड पिपेटमध्ये स्फटिक बसले की आकडा कमी येतो. एक नमुना गार बाजूने आणि एक आधी तापवून, असे दोन्हीकडून आलेले आकडे जुळले तरच समतोल झाला समजायचं. गाळलेल्या द्रावणाचा पीएच लिहून ठेवा. टायरोसीन २७५ नॅनोमीटरवर मोजता येतं; बाकीच्यांना निनहायड्रिन (अमिनो आम्लाशी रंग देणारं रसायन), ५७० नॅनोमीटर; प्रोलिन निनहायड्रिनशी पिवळा रंग देतं, म्हणून त्याचं वाचन ४४० वर. तळाला उरलेली पावडरही फेकू नका. फिनाइलअ‍ॅलनीन ३७ अंशांच्या खाली पाणी धरून मोनोहायड्रेट होतं, आणि मग तुम्ही टाकलेल्या पावडरची नव्हे, नव्या स्फटिकाची विद्राव्यता मोजलेली असते.