भागीदारीत परवडणारं समुपदेशन केंद्र कसं सुरू करावं

आम्ही केंद्र सुरू केलं त्याच्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. फी होती 500 रुपये. एका बाईंनी सेशन संपल्यावर बटव्यातून दहा-वीसच्या नोटा काढून टेबलावर मोजल्या. 180 भरले. "उरलेले पुढच्या खेपेला देते," म्हणाल्या. आणि पुढच्या खेपेला त्या आल्याच नाहीत. आम्ही पैसे मागितले नव्हते, मागणारही नव्हतो. पण 320 रुपयांची उधारी डोक्यावर घेऊन कुणी मन मोकळं करायला येत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 10.6 टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. वेगवेगळ्या आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. त्यामुळे स्वस्त समुपदेशनाची गरज आहे का, हा प्रश्नच नाही. खरा प्रश्न आहे तो असं केंद्र दोन वर्षांनीही उघडं राहील का, हा. आम्ही सांगली-मिरज भागात दोघींनी मिळून हे काम उभं केलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते.

आधी पाटीवर काय लिहायचं ते ठरवा

मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. आणि त्यापुढे समुपदेशनाचं प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलं असेल, तर 'समुपदेशक' लिहा. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे बिरुद मात्र 1992 च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे तशी नोंदणी असेल तरच लावायचं. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकही संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत आले आहेत, तेव्हा आपल्या पदवीला त्याखाली कोणती नोंदणी लागेल याची चौकशी सुरुवातीलाच करून ठेवा.

औषधं देणं आपलं काम नाही. दार उघडण्याआधी निदान दोन मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटा, तुमच्याकडून आलेला रुग्ण ते किती दिवसांत बघू शकतील हे विचारा. मिरज हे दवाखान्यांचं गाव असल्याने आम्हाला हे सोपं गेलं. तालुक्याच्या ठिकाणी काम करणार असाल तर हीच पहिली अडचण असेल.

भागीदार निवडताना

मैत्री हे कारण पुरेसं नाही. आधी तीन महिने एखादी खोली तासाच्या भाड्याने घेऊन बरोबर काम करून बघा. या तीन महिन्यांत एकमेकींना अवघड प्रश्न विचारून टाका. घरचा खर्च कुणाच्या पगारावर चालतो? किती महिने काहीही न कमावता निभेल? कुणाकडून फी घ्यायला जीभ रेटत नाही? आमच्यात मी दर दुसऱ्या माणसाला फी माफ करायचे आणि माझी भागीदार गप्प बसायची. चौथ्या महिन्यात ती बोलली, तेव्हा कळलं की माझ्या उदारपणाचा अर्धा खर्च तिच्या खिशातून जात होता. माझ्याकडून तिच्यावर झालेला तो अन्याय होता. तेव्हापासून फी माफ करायची ती दोघींना विचारूनच.

करारनामा: इथे घाई करू नका

बहुतेक जण सीएकडचा तयार मसुदा घेतात, दोन सह्या करतात आणि कपाटात ठेवून देतात. भारतीय भागीदारी कायदा 1932 चा आहे, आणि तुम्ही जे लिहीत नाही ते तो स्वतः भरून काढतो. करारात वाटणी लिहिली नसेल, तर कलम 13 प्रमाणे नफा-तोटा समान वाटला जातो, मग एकीने आठवड्याला पाच दिवस काम केलेलं असो आणि दुसरीने दोन. त्याच कलमाप्रमाणे, लिहिलं नसेल तर भागीदाराला कामाचा वेगळा मोबदला मागता येत नाही. म्हणून प्रत्येक सेशनमागे भागीदाराला किती आणि उरलेला नफा कसा वाटायचा, हे दोन्ही वेगवेगळं लिहा.

कलम 25 प्रमाणे भागीदारीच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार असतो. तेव्हा एकटीने किती रकमेपर्यंत खर्च करायचा त्याची मर्यादा घाला. आम्ही 5,000 ठेवली. दोघींपैकी एकीचा मृत्यू झाला तर काय, बाळंतपणाची रजा, घरातलं आजारपण, गाव बदलणं, हे सगळं लिहा. लिहिताना जड जातं. आम्ही ते पान लिहायला एक अख्खी दुपार घेतली आणि मध्ये दोनदा चहा करावा लागला.

समुपदेशनाच्या भागीदारीत एक गोष्ट दुकानाच्या भागीदारीपेक्षा वेगळी आहे, ती म्हणजे नोंदी. वेगळं व्हायची वेळ आली तर सेशनच्या नोंदी कुणाकडे राहतील? आमचं उत्तर असं: जिने ते सेशन घेतलं तिच्याकडे. आणि पुढे कुणाकडे जायचं ते येणारी व्यक्ती ठरवेल, आम्ही नाही. माणसं वाटून घ्यायची नसतात.

करार स्टँप पेपरवर झाला की निबंधकाकडे फर्मची नोंदणी करा. ती सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला कलम 69 मुळे करारावरून दावा लावता येत नाही. जागामालकाने डिपॉझिट अडकवलं तर ही नोंदणी लागते. फर्मचं पॅन, बँक खातं, दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना आणि प्रत्येक भागीदाराचा वर्षाला 2,500 रुपये व्यवसाय कर, ही कामं सीए आठवडाभरात मार्गी लावतो.

हिशेब कागदावर मांडा

समजा, जागेचं भाडं 12,000, वीज-इंटरनेट 2,500, अर्धा दिवस बसणाऱ्या मदतनीस ताईंचा पगार 8,000, सुपरव्हिजनचे (अनुभवी समुपदेशकाकडून आपलं काम तपासून घेण्याचे) 4,000, सीए आणि किरकोळ 1,500. झाले 28,000. दोघींनी महिन्याला प्रत्येकी 25,000 तरी घरी न्यायचे, म्हणजे एकूण 78,000.

आता सेशन मोजा. एका समुपदेशकाने आठवड्याला 18 पेक्षा जास्त सेशन घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे, कारण त्यापुढे आपण ऐकत नाही, नुसते बसलेले असतो. दोघींचे महिन्याला 144, त्यातले काही रद्द होणारच, तर 120 धरा. 78,000 भागिले 120, म्हणजे सरासरी फी 650 यायला हवी.

ही सरासरी आहे, सगळ्यांची फी नव्हे. 36 सेशन 300 रुपयांना, 48 सेशन 600 ला आणि 36 सेशन 1,100 ला झाले, तर 79,200 जमतात. 300 च्या जागा 36 आहेत आणि 36च राहतील. त्या भरल्या की प्रतीक्षायादी करायची, पण संपूर्ण वेळापत्रक 300 वर आणायचं नाही. तसं केलं तर वर्षभरात केंद्र बंद पडतं आणि ज्यांच्यासाठी उघडलं त्यांनाच पुन्हा शोधत फिरावं लागतं. वर्षाचे साडेनऊ लाख होतात, त्यामुळे जीएसटी नोंदणीची 20 लाखांची मर्यादा लांबच आहे.

सुरुवातीला 120 सेशन होणार नाहीत. आमचे पहिल्या महिन्यात 22 झाले होते. सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे 1,68,000, वेगळा बाजूला काढल्याशिवाय भाडेकरार करू नका.

फी विचारायची कशी

त्या बाईंनंतर आम्ही पद्धत बदलली. आता पहिल्या भेटीत हातात एक कार्ड देतो. त्यावर तीन आकडे आणि खाली एक ओळ असते: 'तुमच्या घरखर्चाला धक्का न लावता जे जमेल त्यावर खूण करा.' उत्पन्नाचा दाखला मागत नाही, रेशनकार्ड बघत नाही. लोक खोटं बोलतील अशी भीती आम्हालाही वाटली होती, पण 1,100 वर खूण करणारेही निघतात. फी आधी घ्यायची, सेशननंतर नाही. रडून बाहेर पडलेल्या माणसाला सुट्टे पैसे शोधायला लावू नये. आणि 300 वाल्यालाही तोच वेळ, तीच खोली, तीच समुपदेशक.

जागा

फक्त समुपदेशनाचीच पाटी असलेला जिना लोक चढत नाहीत. कुणी पाहिलं तर काय म्हणेल, ही धास्ती खरी असते. खाली दाताचा दवाखाना आणि शेजारी शिकवणी असलेली इमारत आम्ही मुद्दाम निवडली. तिथे कोण कुठे चाललंय ते कळत नाही. एसटी स्टँडपासून चालत जाता येईल असं बघा. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यानंतर खेड्यातून एकट्या येणाऱ्या बायका आमच्याकडे वाढल्या. त्यांना शेवटची गाडी गाठायची असते, म्हणून चारनंतरच्या वेळा आम्ही शहरातल्यांना देतो.

खोलीत आवाज तपासा. एक जण आत साध्या आवाजात बोलेल, दुसरी बाहेर बाकावर बसेल. आमच्या पहिल्या खोलीत प्लायवूडचं पार्टिशन होतं आणि शब्दन् शब्द बाहेर येत होता. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी, जाड पडदा आणि बाकाजवळ पंखा, एवढ्यावर भागलं.

गुप्तता, आणि तिची मर्यादा

पहिल्याच भेटीत मराठीत लिहिलेलं संमतिपत्र वाचून दाखवा. जे बोलाल ते इथेच राहील, पण जिवाला धोका असेल तेव्हा किंवा अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर सांगावं लागेल. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ती माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. हे आधी सांगितलं नाही तर नंतर विश्वासघात वाटतो. रात्री-अपरात्री आमचा फोन लागणार नाही, म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आम्ही फीच्या कार्डामागेच छापला आहे.

एकाच जोडप्यातला नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे असं आम्ही घेत नाही, आणि चहाच्या वेळी एकमेकींच्या सेशनबद्दल नावानिशी बोलत नाही. बोलायचं ते सुपरव्हिजनमध्ये, नाव वगळून.

महिनाअखेरची बैठक

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी दोन तास सेशन ठेवू नका. वही उघडा. किती सेशन झाले, 300 च्या किती जागा भरल्या, खात्यात किती उरले आणि आपण दोघी कशा आहोत, हे त्याच क्रमाने लिहा. चौथ्या प्रश्नाला आमच्याकडे निम्मा वेळ जातो.