डायलिसिसला नव्याने जाताय? सिस्टरना काय काय सांगायचं

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो. किडन्या गेल्या, काम सुटलं, आणि आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस चालतं. शेजारच्या खाटेवर नवा पेशंट आला की त्याच्या घरचे मला तेच प्रश्न विचारतात. म्हणून लिहून काढतोय. रक्त मशीन साफ करतं, पण आज पाणी किती काढायचं आणि सुई कुठं लावायची हे ठरवताना सिस्टर आणि टेक्निशियन तुमच्या सांगण्यावर फार अवलंबून असतात. त्यांना खरं सांगा आणि सुई लागायच्या आधी सांगा.

वजनापासून सुरुवात. अंगात जादा पाणी नसतानाचं जे वजन, ते तुमचं ड्राय वेट. ते पाठ पाहिजे. दरवेळी साधारण त्याच कपड्यांत, चप्पल काढून, खिसे रिकामे करून काट्यावर उभं राहायचं. खिशातला मोबाइल आणि किल्ल्यासुद्धा पाणी म्हणून मोजल्या जातात. तेवढं जास्त पाणी ओढलं गेलं की बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात. उलट दोन दिवस जेवण गेलं नसेल, जुलाब झाले असतील, तर तेही सांगा. ड्राय वेट बदललं असेल तर डॉक्टर ते नव्याने ठरवतील. बीपीची गोळी सकाळी घ्यायची की डायलिसिस झाल्यावर, हे डॉक्टरांना एकदा विचारून फाइलवर लिहून घ्या. मशीन चालू असताना जांभया यायला लागल्या, घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर लगेच हाक मारा. ‘सिस्टर कामात आहेत, बघू थोड्या वेळानं’ असं करू नका. लवकर कळलं तर त्या पाय वर घेऊन, पाणी काढणं थांबवून सावरून घेतात.

आता फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून हातातली धमनी आणि शीर जिथं जोडलेली असते ती जागा. रोज सकाळी उठल्यावर दुसऱ्या हाताची बोटं त्यावर ठेवायची. चालू मागाच्या चौकटीला हात लावला की बारीक थरथर लागते, तशी लागली पाहिजे. ती थांबली असेल तर डायलिसिसच्या पुढच्या पाळीची वाट बघायची नाही, लगेच युनिटला फोन करायचा. गुठळी झालेली असू शकते आणि तासातासाचा प्रश्न असतो. त्या हातावर बीपी नाही, सलाईन नाही, रक्त काढणं नाही, घट्ट बांगडी किंवा घड्याळ नाही, उशाला घेऊन झोपणं नाही. हे तुम्हीच बोलायचं. मागे तापासाठी एका दवाखान्यात भरती होतो तेव्हा बीपीचा पट्टा त्याच हाताला गुंडाळायला घेतला होता. मी हात मागे घेतला म्हणून वाचलं.

सुईबद्दल जरा सविस्तर सांगतो. दोन सुया लागतात, एकीतून रक्त मशीनकडं जातं, दुसरीतून परत येतं. बरेच पेशंट म्हणतात, ‘सिस्टर, कालच्याच जागी लावा, तिथं दुखत नाही.’ दुखत नाही हे खरं. पण पुन्हा पुन्हा टोचलं की तिथली भिंत पातळ होते, फुगा येतो. म्हणून आपणच सांगायचं, ‘गेल्या वेळी इथं लावली होती, आज जरा वर घ्या.’ नव्या सिस्टर आल्या की मी त्यांना शीर कुठं वळते ते बोटानं दाखवतो. आपण शांत राहिलो की त्यांचाही हात स्थिर राहतो. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजींना दुखणं मराठीत नीट सांगता येत नाही. त्यांनी खुशाल तेलुगूत सांगावं, समजणारं कुणीतरी युनिटमध्ये असतंच. घरी गेल्यावर छिद्रातून रक्त आलं तर जाड कापड गुंडाळू नका, खाली किती वाहतंय ते दिसत नाही. स्वच्छ गॉज घेऊन बोटानं नेमकं दाबून धरा, हात वर ठेवा; थांबत नसेल तर दाब न काढता 108 ला फोन.

खाण्याचं डाएटिशियन सांगतातच, सोलापूरचं तेवढं मी सांगतो. शेंगाचटणीत मीठ, पोटॅशियम, फॉस्फरस सगळंच आलं. भेटायला येणारे शहाळं आणतात. प्रेमानं आणलेलं असलं तरी पिऊ नका, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. दुकानातलं कमी सोडियमचं मीठही नको, त्यात पोटॅशियमच घातलेलं असतं. चुकून पोटात गेलं असेल तर लपवू नका, सिस्टरना सांगा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा दिवसाच्या ठरलेल्या पाण्यातलंच थोडं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि एकेक खडा चघळा. मीठ कमी केलं की तहानही कमी लागते.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशन कार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्रांना भेटा. कागदांचे फोटो घरच्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीसाठी रस्ते बंद असतात. तुमची डायलिसिसची पाळी त्या दिवशी येत असेल तर आठवडाभर आधीच सिस्टरना सांगून वेळ बदलून घ्या; पाळी चुकवू मात्र नका.